मॅडम, स्लाइड द्या ना

मार्चमधली दुपार. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळं सकाळपासून जर्नलवर सह्या करून करून मनगट आखडलं होतं. रांग संपली म्हणून डबा उघडायला घेतला, तर वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारात सेकंड इयरचा एक मुलगा. एक पाय आत, एक बाहेर.

“मॅडम, स्लाइड द्या ना. खोडाची.”

मला बरं वाटलं. परीक्षेआधी स्वतःहून स्लाइड मागायला येणारं पोरगं हल्ली कुठं दिसतं? डबा तसाच ठेवला, किल्ली शोधली, लोखंडी कपाट उघडून मधल्या कप्प्यातली लाकडी पेटी काढली. तिचं झाकण दोन पावसाळ्यांपूर्वी फुगलंय, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आत खाचांमध्ये काचा उभ्या. “सूर्यफूल देऊ की मका?”

तो पेटीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मग पुन्हा पेटीकडं.

“नाही मॅडम, स्लाइड म्हणजे... पीपीटी. ग्रुपवर टाकली तरी चालेल.”

मी हसले, तोही हसला. संध्याकाळपर्यंत टाकते म्हणाले, तो गेला. पेटी मात्र टेबलावरच राहिली आणि जेवताना माझी नजर सारखी तिच्याकडं जात होती. एकच शब्द. मी तो उच्चारते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं एक वस्तू येते आणि त्याच्या डोळ्यांपुढं दुसरीच. हे कधी झालं? आणि त्यात माझा हात किती?

आमच्या विषयात स्लाइड म्हणजे काच. 75 मिलिमीटर लांब, 25 मिलिमीटर रुंद. मी 1991 साली कोरेगाव तालुक्यातल्या गावातून बी.एस्सी.ला साताऱ्यात आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात ती हातात आली. सूर्यफुलाचं कोवळं खोड घ्यायचं, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरायचं, ब्लेड पाण्यात भिजवून आपल्याकडं ओढत काप घ्यायचे. वीस-पंचवीस काप वॉच ग्लासमधल्या पाण्यात पडले, की त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ न दिसणारा, ब्रशनं उचलायचा. सॅफ्रानिन नावाच्या लाल रंगात रंगवायचा, धुवायचा. काचेवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर काप, आणि मग कव्हर स्लिप, म्हणजे वरची पातळ काच, निडलवर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडायची. सगळी मेख त्या ‘हळूहळू’त असते. घाई केली की आत हवा अडकते.

माझ्या स्लाइडमध्ये अडकली. मला ते कुठं माहीत! मायक्रोस्कोपमध्ये मधोमध एक सुरेख गोल दिसत होता. कडा जाड काळी, आत लख्ख. बाकी सगळं अंधूक. मी तोच जर्नलमध्ये काढला, पेन्सिलीला टोक करकरून, शेडिंग देऊन, आणि शेजारी बाण काढून नाव दिलं, ‘मोठी पेशी’. सरांनी जर्नल उचललं, चष्मा कपाळावर सरकवला.

“ही पेशी नव्हे. हवेचा बुडबुडा आहे. सूर्यफुलाचं काही काढलंच नाहीस तू. तुझी घाई काढलीस.”

वर्ग खदखदला. मी तिसऱ्यांदा काप घेतला, बोट कापून घेतलं, आणि त्या दिवशी सहा वाजता पहिल्यांदा ते कडं दिसलं. खोडाच्या कडेनं गोलाकार मांडलेले वाहिन्यांचे जुडगे, त्यातला पाणी वर नेणारा झायलेमचा भाग सॅफ्रानिननं लालभडक झालेला. ते चित्र मला आज डोळे मिटून काढता येतं. त्यात माझ्या हुशारीचा काही भाग नाही. तीन तास त्याच्या मागं लागले होते, एवढंच.

हे सर मूळचे खटावकडचे. धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात राहून, ‘कमवा आणि शिका’त सकाळी शेतावर राबून शिकलेले. कर्मवीरांनी 1919 साली काल्यात लावलेलं रयत शिक्षण संस्थेचं रोप 1924 ला साताऱ्यात आलं, त्याच्या सावलीत इथल्या कितीतरी घरांतली पहिली पिढी शिकली. सर त्यातलेच. त्यांचा हात शेतकऱ्याचा, जाड बोटांचा. पण त्या बोटांत हिरवा खडू आला की फळ्यावर खोडाचा आडवा छेद एका दमात उमटायचा. आधी बाहेरचा गोल. मग आतला. मग एकेक जुडगा. हात चालू आणि तोंडही चालू. “इथं पाणी वर चाललंय. लाल खडू. वर का चाललंय? वर कोण ओढतंय?” असं म्हणत ते थांबायचे, खडू फळ्याला टेकलेलाच. त्या थांबण्यात आम्ही विचार करत होतो की नाही ठाऊक नाही, पण आमची पेन्सिल त्यांच्या खडूच्या मागोमाग वहीत पोचायची. आकृती फळ्यावर वाढत असताना आमच्या वहीतही वाढत होती.

आता कुणी म्हणेल, ही आपली जुन्या दिवसांची हुरहुर. तर तसं नको. त्याच कॉरिडॉरमध्ये दुसरे एक गृहस्थ होते, पिवळ्या पडलेल्या वहीतून पंचेचाळीस मिनिटं नोट्स सांगायचे. ‘स्वल्पविराम’सुद्धा उच्चारायचे. वहीचं पान फाटलेलं होतं तिथं दर वर्षी तेच वाक्य अर्धं राहायचं आणि सीनियर पोरं आम्हाला आधीच सांगून ठेवायची, की आज ते वाक्य येणार. वाचून दाखवणारा मास्तर पॉवरपॉइंटच्या कितीतरी आधी जन्मला.

आणि पुढं मीही तेच झाले. फक्त माझी वही उजेडाची होती.

मी 1997 ला शिकवायला लागले तेव्हा विभागात ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक फिल्मवर रंगीत पेननं लिहायचं, तापलेल्या काचेवर ठेवायचं. घामट हात लागला की शाई पसरायची. पुढं एलसीडी प्रोजेक्टर आला तो छताला लटकूनच, आणि तो येण्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या समितीच्या, भेटीचा मोठा वाटा होता. किती वर्गांत आयसीटीची, म्हणजे संगणक-प्रोजेक्टरची, सोय आहे, किती शिक्षक ती वापरतात, हे अहवालात भरायचं असतं. त्यामुळं आम्ही भराभर पीपीटी करायला लागलो. माझी पहिली अजून आठवते. प्रत्येक ओळ डावीकडून उडत यायची आणि येताना ‘सुंईई’ असा आवाज करायची. पोरं खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू? खडूची धूळ नाही, आकृतीसाठी हात दुखणं नाही, आणि मुख्य म्हणजे एकदा केली की दर वर्षी तीच. तासाची तयारी म्हणजे पेन ड्राइव्ह पर्समध्ये आहे ना, एवढं चाचपणं.

2016 साली एका मुलानं हात वर केला. मला वाटलं शंका आहे. “मॅडम, खाली कोपऱ्यात तारीख आहे ती 2009 ची आहे. मी तेव्हा पाचवीत होतो.”

त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. त्यामुळं जास्त लागलं.

मग मी या पॉवरपॉइंटचा इतिहास जरा वाचला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या एका लहान कंपनीत ते बनवलं, एप्रिल 1987 मध्ये ते बाजारात आलं, तेही फक्त मॅकिन्टॉशवर आणि काळ्या-पांढऱ्यात. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरना विकत घेतली. गंमत अशी, की पहिल्या आवृत्तीचा उपयोग कागदावर आणि ओव्हरहेडच्या फिल्मवर छापण्यासाठी व्हायचा. म्हणजे माझ्या त्या तापणाऱ्या काचेसाठीच. आणि ते केलं होतं कंपन्यांच्या बैठकांसाठी. समोरच्या साहेबाला दहा मिनिटांत पटवायचं, मुद्दे ठसवायचे, सही घ्यायची. बैठकीतल्या साहेबाला विषय आधीच माहीत असतो, त्याला मुद्दे पुरतात. पाटणहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या आमच्या पोरीला विषय माहीत नसतो, म्हणून तर ती आलेली असते. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला चांगली दहा-बारा वर्षं गेली.

ती आली उत्तरपत्रिका तपासताना. प्रश्न होता, कासच्या पठारावर कीटकभक्षी वनस्पती का आढळतात? हा आमचा घरचा प्रश्न. कास इथून पंचवीसेक किलोमीटरवर. सातारच्या पोराला हा येऊ नये म्हणजे काय? माझ्या पीपीटीत त्यावर एक स्लाइड होती आणि तिच्यावर चार टिंबं. जांभा खडक. पातळ माती. नायट्रोजन कमी. कीटकभक्षी वनस्पती.

गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांत तीच चार टिंबं होती. त्याच क्रमानं. क्रियापद एकाही ओळीत नाही. एकानं जरा घोळ केला होता, ‘कीटकभक्षी वनस्पती’ वर आणि ‘नायट्रोजन कमी’ सगळ्यात खाली. मी त्याला बोलावून घेतलं. “अरे, वनस्पती किडे खातात म्हणून नायट्रोजन कमी होतो, की नायट्रोजन कमी आहे म्हणून त्या किडे खातात?”

त्यानं पेपरकडं पाहिलं. “मॅडम, चारी पॉइंट लिहिलेत की.”

खरंच लिहिले होते. गुणदान योजनेप्रमाणं त्याला पूर्ण गुण द्यायला लागले, दर मुद्द्याला अर्धा, चार मुद्द्यांचे दोन. म्हणजे सगळा दोष पडद्यावर टाकून मोकळं होता येत नाही. आपण प्रश्नच असे काढतो. पण त्या दिवसापासून मी एक शब्द शोधायला लागले. ‘म्हणून’. कातळावर मातीचा थर बोटभर, त्यावर चार महिने धो धो पाऊस, म्हणून मातीतलं पोषण वाहून जातं, म्हणून तिथं मुळांना नायट्रोजन पुरत नाही, म्हणून काही झाडांनी पानांचे सापळे केले. ही गोष्ट सांगताना मी तीनदा ‘म्हणून’ म्हणते. वर्गातही म्हणत असणार. पण पडद्यावर त्या जागी टिंब होतं, आणि पोरांनी पडदा उतरवून घेतला, मला नाही.

नंतर कळलं की हे माझ्याच वर्गात घडतंय असं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या तिघांनी 2009 साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिक्षक तोंडानं जे सांगतो, त्यातलं पॉवरपॉइंटच्या तासाला विद्यार्थ्यांच्या 15 टक्के कमी लक्षात राहिलं, आणि तरीही त्यांना आवडला तो पॉवरपॉइंटचाच तास. वाचून मी मोठ्यानं हसले होते. आवडणं आणि कळणं यांची गल्लत मी स्वतः किती वर्षं केली! तास संपल्यावर “भारी होतं मॅडम” असं कुणी म्हटलं की झालं, मी त्यावर आठवडा काढायचे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी तर कित्येक वर्षं याच गोष्टीवर घालवली. त्यांचं सांगणं साध्या मराठीत असं, की चित्र दाखवा आणि बोला, पण जे बोलताय तेच पडद्यावर लिहूही नका. माणूस आधी वाचून टाकतो, मग त्याच्या कानात तेच शब्द मागाहून पोचतात, आणि चित्राकडं बघायला कुणी उरत नाही. दुसरीकडं, 2018 साली काहींनी यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पॉवरपॉइंट आणि खडू-फळा यांत शिकण्याच्या दृष्टीनं फरक जवळपास शून्य निघाला. त्यामुळं मी फार मोठ्यानं ओरडत नाही. पडदा वाईट असं माझं म्हणणं नाहीच. वर्गात त्यामुळं कोण काय करायचं सोडून देतं, एवढंच मी बघत असते.

पोरं लिहायचं सोडून देतात. आधी वही उघडी असायची, पेन हातात. आता स्लाइड बदलली की वीस मोबाइल वर होतात. “मॅडम, मागची परत घ्या ना.” खटाखट फोटो. ते फोटो त्या गॅलरीत, लग्नाच्या, गणपतीच्या, सज्जनगडावरच्या सेल्फीच्या मध्ये कुठंतरी पडून राहतात. मी एकदा विचारलं, परत उघडून कितीजण बघता? सगळे हसले. तेच उत्तर. पण फोटो काढला की आपल्याकडं आहे असं वाटतं, आणि आहे म्हटल्यावर ऐकायची निकड राहत नाही. मी तासाला येतेय की नाही याच्याशीही मग फारसा संबंध उरत नाही. फाइल आली म्हणजे तास झाला. कोरोनाच्या वर्षात तर मी खरोखरच फाइलशी बोलत होते. पडद्यावर माझी स्लाइड, खाली नावांच्या आद्याक्षरांचे रंगीत गोल. जावळीतली एक मुलगी रेंजसाठी घरामागच्या टेकडावर बसायची, तिच्या बाजूनं मधूनच म्हशीचा आवाज यायचा. त्या दोन सेमिस्टरमध्ये मला वर्गातून मिळालेला जिवंत प्रतिसाद म्हणजे ती म्हैस.

आणि सोडून देण्यात मी पहिली. मी थांबायचं सोडलं. खडूला आकृती काढायला वेळ लागतो, तेवढा वेळ पोरांना मिळतो. बटणाला वेळ लागत नाही. पंचेचाळीस मिनिटांत मी साठ स्लाइड उडवत होते आणि अभ्यासक्रम ऑगस्टमध्येच संपला म्हणून विभागप्रमुखांकडून शाबासकी घेत होते.

याच्या पुढची शिक्षा कासवर मिळाली. सप्टेंबरमध्ये आम्ही दर वर्षी पोरांना घेऊन जातो. यवतेश्वरचा घाट चढला की धुकं, थंड वारा, कुणालातरी गाडी लागते, हे ठरलेलं. जुलैमध्येच मी त्यांना दवबिंदू शिकवली होती. ड्रोसेरा. माझ्या पीपीटीत तिचा फोटो अप्रतिम, पडदाभर. लाल पान, त्यावर केसांसारखे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट चकाकता थेंब, आणि एका कडेला अडकलेली माशी. वर्गात त्या फोटोला ‘वॉव’ आलं होतं.

सड्यावर उतरल्यावर मी म्हटलं, शोधा. अर्धा तास पोरं हिंडली. तेरडा सापडला, गेंद सापडला, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे सापडले. दवबिंदू नाही. “मॅडम, या वर्षी उगवली नाही वाटतं,” एक मुलगी म्हणाली. मी तिच्या पायाकडं बघत होते. तिच्या बुटापासून चार बोटांवर, ओल्या कातळाच्या खाचेत, रुपयाच्या नाण्याएवढा लालसर ठिपका होता. त्याच्या शेजारी अजून एक. मग अजून सात-आठ.

ती वाकली. सगळे वाकले. आणि कुणीतरी म्हणालं, “एवढंच?”

ते ‘एवढंच?’ मला अजून ऐकू येतं. त्यांची चूक काय? मी चार फुटी दवबिंदू दाखवली होती, ते चार फुटीच शोधत होते. पडद्यावर सगळं एकाच मापाचं असतं. वडाचं झाड पडदाभर, परागकण पडदाभर, पेशी पडदाभर, अख्खं सह्याद्रीचं रानही पडदाभरच. कोपऱ्यात बारीक अक्षरात सेंटिमीटरची पट्टी होती माझ्या फोटोत, नाही असं नाही. ती कोण बघतो? सर फळ्यावर फूटभर आकृती काढायचे, पण काढून झाल्यावर मागं वळून करंगळी दाखवायचे, “खरं एवढंय. या नखावर मावतंय.” ती करंगळी माझ्या पीपीटीत नव्हती.

मग मी पर्समधलं भिंग काढलं. दहा पट मोठं दाखवणारं, साधं, घडीचं. रस्त्याकडेच्या कातळावर एकेकाला पोटावर झोपायला लावलं, म्हणजे बाकीचं तुडवलं जायला नको. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि आपण झाडाकडं जायचं, भिंग झाडाकडं न्यायचं नाही, हे सांगायला लागतं. पहिला मुलगा झोपला तो उठेचना. पानावर तिळापेक्षा लहान चिलट होतं, अजून पाय हलवत होतं, आणि दोन तंतू त्याच्याकडं वळलेले. “मॅडम, जिवंत आहे,” तो कुजबुजला. कुणाबद्दल बोलत होता, चिलटाबद्दल की झाडाबद्दल, मी विचारलं नाही. त्याच्या शर्टाला पुढं सगळा चिखल लागला होता आणि मागं बारा जण नंबर लावून उभे होते.

मात्र त्याच सहलीत पडद्याची बाजूही मला मान्य करावी लागली. सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलॅरिया, तिचं नाजूक निळं-जांभळं फूल सगळ्यांना दिसतं. तिची खरी करामत मात्र खाली ओल्या मातीत, पाण्यात. टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे, दाराला केस, सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट त्याला ओढून घेतं. हे सगळं एका मिलिसेकंदाहून कमी वेळात. डोळ्याला दिसायचं नाही, भिंगाला दिसायचं नाही, मायक्रोस्कोपखाली ठेवलं तरी झालं ते कळायच्या आत झालेलं असतं. अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलेली चित्रफीत पडद्यावर लावली तेव्हा ते मला स्वतःला पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी ते खडूनं काढून दाखवत होते ते निव्वळ विश्वासावर. सरांनी सांगितलं, म्हणून.

आणि माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं एकदा मला गप्प केलं होतं. मी वैतागून जाहीर केलं, की उद्यापासून पीपीटी बंद, फळाच. तास संपल्यावर ती थांबली. मराठी माध्यमातून आलेली, महाबळेश्वर तालुक्यातल्या वाडीवरची, वर्गात कधी बोलत नसे. “मॅडम, एक सांगू? तुम्ही झायलेम म्हणता ना, मी पहिले दोन महिने ते झेडवरून शोधत होते पुस्तकात. इंडेक्समध्ये सापडायचंच नाही. मला वाटायचं आमच्या पुस्तकात तो धडाच नाही. पडद्यावर बघितलं तेव्हा कळलं, एक्सवरून आहे.” मग जरा थांबून, “फळ्यावरचं तुमचं इंग्रजी अक्षर आम्हाला लागत नाही मॅडम. राग येऊ देऊ नका.”

राग कसला येणार? अक्षर वाईट आहेच.

एकदा पडद्यानं स्वतःहूनच मला सोडून दिलं. कासच्या अंगाला एका हायस्कुलात पर्यावरण दिनाला बोलवलं होतं. मी मुद्दाम मराठीत पीपीटी केली, रात्री बारापर्यंत जागून. तिथल्या संगणकावर फाइल उघडली तर माझी सगळी मराठी चिनी-रशियन झालेली. जुना फॉन्ट, युनिकोड नव्हता, ज्यांनी मराठीत डीटीपी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हेडसर घामाघूम. आठवी-नववीची दीडशे पोरं, त्यांना पडद्यावर ‘úÖêŸÖ’ सारखं काहीतरी दिसतंय आणि ती खिदळतायत.

मी खडू मागितला. दवबिंदू काढायला घेतली, आधी मधला देठ, मग पान, मग एकेक तंतू. तिसऱ्या-चौथ्या तंतूला मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ते लाल लाल चिकाट असतंय ते व्हय? आमच्या सड्यावं लई असतंय.” मी विचारलं, केवढं असतं? त्यानं तर्जनी आणि अंगठा जोडून गोल केला आणि डोळ्याला लावला, दुर्बिणीसारखा. “एवढं. पावसात असतंय, दिवाळीला जातंय. शेरडं तोंड लावत न्हाईत.” पुढची वीस मिनिटं तासाचा ताबा त्याच्याकडं होता. कुठल्या खाचेत असतं, कुठल्या नसतं, कातळ कुठं जास्त ओला. मी फळ्यावर फक्त त्याच्या सांगण्यापुढं ‘म्हणून’ जोडत होते. माझी फाइल उघडली असती तर त्या पोरानं तोंड उघडलं असतं का? मला नाही वाटत. पडद्यावर सगळं पूर्ण असतं. पूर्ण झालेल्या चित्रात कोण भर घालणार?

तेव्हापासून माझी पीपीटी रोडावली आहे. शब्द जवळजवळ नाहीत, अवघड नावांची स्पेलिंग तेवढी मोठ्या अक्षरात, त्या मुलीच्या नावानं. साठाच्या जागी आठ-नऊ चित्रं. आणि मला एक बटण सापडलंय. प्रेझेंटेशन चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो. पहिल्यांदा दाबलं तेव्हा अख्खा वर्ग म्हणाला, “लाइट गेली!” आणि दोघं उठून खिडक्या उघडायलाही लागले. लाइट गेली नव्हती. मी खडू शोधत होते. हल्ली त्यांना सवय झाली आहे, पडदा काळा झाला की वह्या उघडल्याचा आवाज येतो. सगळ्यांच्या नाही. मागच्या दोन बाकांवर अजून मोबाइलच वर होतो, आता फळ्याचा फोटो काढायला. विभागप्रमुखांचं म्हणणं असं, की माझा अभ्यासक्रम हल्ली मागं पडतो. ते खरं आहे.

त्या मार्चमधल्या दिवशी तो मुलगा चार वाजता परत आला. ग्रुपवर पीपीटी आली नाही म्हणून. पेटी टेबलावर तशीच होती. मी म्हटलं, टाकते, पण आलाच आहेस तर हे बघून जा. सूर्यफुलाची काच काढली, रुमालानं पुसली, मायक्रोस्कोपवर चढवली, आरसा खिडकीकडं वळवून दिला. ही काच मीच केलेली, नोकरीला लागले त्या वर्षी. लेबलवरची शाई तपकिरी झाली आहे, काच चिकटवणारं कडेचं बाल्समही पिवळं पडलंय.

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि आयपीसवर टेकवला. उजेडाचा गोल पडद्यावर सरकला, निसटला, परत आला. दोन मिनिटं झटापट चालली होती.

“मॅडम, हलतंय सारखं.”

“मोबाइल ठेव आधी. डोळा लाव.”

डोळा लावला. बराच वेळ काही बोलला नाही. बोटं आपोआप फोकसच्या चाकावर गेली, ते पुढं-मागं झालं. मी जर्नलचा गठ्ठा पुढं ओढला.

“मॅडम, कडेला हे काळं गोल काय आहे? जाड कडेचं?”

मी गठ्ठा खाली ठेवला. “काढ बघू आधी. पेन्सिल आहे?”

“पेन आहे.”